कापूर वर करा

प्राध्यापकांना शिकवायला शिकवणं, हे कोणाचं तरी काम असू शकतं हे सांगून पटत नाही. ज्याई शहरातल्या आमच्या विद्यापीठात ते काम चान सूयुन ताई करत. त्या स्वतः प्राध्यापक नव्हत्या. आधी ग्रंथालयात होत्या, अध्यापन केंद्र निघालं तेव्हा तिकडे आल्या, तेही वर्षावर्षाच्या करारावर. धडे वेबवर कसे चढवायचे, कॅमेऱ्यासमोर तास कसा घ्यायचा, घरी बसलेला विद्यार्थी ऐकतोय की झोपलाय ते कसं ओळखायचं, हे त्या शिकवत. मीही परदेशीच; त्याच केंद्रात परदेशी विद्यार्थ्यांचं काम माझ्याकडे होतं. आमची टेबलं पाठीला पाठ लावून होती, त्यामुळे त्यांचा उसासा मला आधी ऐकू यायचा आणि मग त्या दिसायच्या.

त्या वर्षी गावात कॉलेजला येणारी मुलंच उरली नव्हती. आमच्याच रस्त्यावरचं एक कॉलेज बंद पडलं. लाकूडशास्त्र विभाग वाचवायचा तर कारखान्यात, वखारीत काम करणाऱ्या मोठ्या माणसांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायचा, असं ठरलं. राजधानीतून, ताइपेहून, समिती येऊन एक तास बघणार होती, तोही विभागातल्या सर्वांत ज्येष्ठ शिक्षकाचा. अट एकच: शिक्षकाने सगळं स्वतःच्या हाताने करायचं, दुसऱ्या कोणी यंत्राला हात लावायचा नाही. तास फसला की अभ्यासक्रम गेला. आणि अभ्यासक्रम गेला तर केंद्र कशाला हवं, असं विभागप्रमुख ल्यू यांनी सूयुन ताईंना चहा पाजून गोड शब्दांत सांगितलं. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला ज्याईत दुसरी नोकरी कोण देणार, हे त्यांनी सांगितलं नाही. ते ताईंना माहीतच होतं. घरी म्हातारी आई होती, तिचं सगळं ताईंच्या पगारावर.

सर्वांत ज्येष्ठ म्हणजे वंग सर. लाकडाची ढलपी नाकाशी धरून ते झाडाची जात सांगत, आणि विद्यार्थ्यांनाही नाकानेच शिकवत. पहिल्या दिवशी त्यांनी ताईंना विचारलं होतं, "तुमच्या वेबमधून वास जातो का?"

"नाही, सर."

"मग काय जातं?"

"तुमचा चेहरा आणि आवाज."

"चेहऱ्याचं काही खास नाही," वंग सर म्हणाले आणि पहिल्या खुर्चीत बसले. पहिली खुर्ची त्यांचीच असायची. मग बाकीचे वयाप्रमाणे.

प्रशिक्षण छान चाललं. फारच छान. ताई एकेक पायरी दाखवत, "कळलं का?" विचारत, वंग सर मान हलवून "कळलं, कळलं" म्हणत, आणि त्यांच्या मागून सगळी रांग "कळलं" म्हणे. कोणाला काही अडलंच नाही. ताई खूश होत्या. मी मात्र दाराशी उभी असताना पाहिलं होतं की वंग सरांचा बाण पडद्यावर एका जागी थिजलेला आहे, आणि शेवटच्या खुर्चीतल्या तरुण बाईंनी स्वतःचं काम थांबवून हात मांडीवर ठेवलेत. मला वाटलं, विश्रांती घेत असतील.

रंगीत तालमीच्या दिवशी सगळं उघडं पडलं. वंग सरांना लॉगिनच्या पुढे जाता आलं नाही. दुसऱ्याला सांगितलं, त्यालाही नाही. तिसऱ्या बाईंना थोडं येत होतं, पण वंग सर अडलेले असताना आपण पुढे जाणं त्यांना बरं दिसेना, म्हणून त्यांनीही "मला पण नाही जमत" म्हटलं. खोलीत कोणी कोणाकडे बघेना.

सगळे गेल्यावर वंग सर मागे थांबले. टोपी हातात घेऊन म्हणाले, "बाई, रागावू नका. तुम्ही इतक्या कष्टाने समजावत होता. मला कळत नाही असं चारचौघांत म्हटलं असतं तर तुमची शिकवण्याची रीत वाईट असा अर्थ झाला असता. तुमचा मान राखायला मी कळलं म्हणत होतो."

"आणि बाकीचे?"

"ते माझा मान राखत होते."

सर गेल्यावर ताई आपल्या खुर्चीत बसल्या आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाल्या, "इतका मान मिळाला मला, की नोकरी जाणार."

दुसऱ्या दिवशी ल्यू साहेबांनी दुसरा मार्ग काढला. शेजारच्या खोलीत ताईंनी बसायचं, वंग सरांच्या पासवर्डने आत शिरायचं आणि सगळी बटणं तिथून दाबायची. सरांनी फक्त तोंड हलवायचं. समितीला काय कळतंय? सगळीकडे असंच चालतं, असंही ते म्हणाले. ताईंनी विचार करायला वेळ मागितला. ल्यू साहेब हसले. "विचार कसला करता, चान बाई? बुडणारा माणूस दोर कुठल्या रंगाचा ते बघत नाही."

जेवणाच्या सुट्टीत ताई मला घेऊन नगरदेवाच्या मंदिरात गेल्या. मी इतकी वर्षं तिथे जाते. आपला देव आणि त्यांचा देव असा हिशेब मी कधी ठेवला नाही. ताईंनी उदबत्ती लावली, कौल लावायचे चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे ओंजळीत धरले, देवाला नाव-गाव सांगून ल्यू साहेबांचं ऐकू का असा प्रश्न विचारला आणि तुकडे खाली टाकले. एक पालथा आणि एक उताणा पडला तर देवाचा होकार. दोन्ही पालथे पडले तर नकार. दोन्ही उताणे पडले. म्हणजे देव हसला. प्रश्नच नीट विचारला नाहीस, असा त्याचा अर्थ. त्यांनी पुन्हा टाकले. देव पुन्हा हसला.

मला वाटलं ताई रडतील. पण त्या तुकडे उचलून जागेवर ठेवत म्हणाल्या, "बरं झालं. निदान हा तरी कळलं, कळलं म्हणत नाही."

दुपारी प्रशिक्षणाच्या खोलीत जाऊन ताईंनी संगणक बंदच ठेवले आणि वंग सरांना म्हणाल्या, आज तुम्ही मला शिकवा. लाल सायप्रसचं लाकूड कुठलं आणि पिवळ्याचं कुठलं, ते मला वासावरून ओळखता आलं पाहिजे.

सरांनी दोन ढलप्या दिल्या. ताईंनी वास घेतला आणि चुकीचं सांगितलं. पुन्हा घेतला, पुन्हा चुकलं. मागच्या रांगेत कोणीतरी खोकलं. सर म्हणाले, "पिवळ्याला झणका असतो, लाल गोडसर. कळलं का?"

"नाही कळलं," ताई म्हणाल्या. साध्या आवाजात, सगळ्यांसमोर. "दोन्ही मला सारखेच लागतात. पुन्हा सांगा."

सरांनी पुन्हा सांगितलं. ताई तिसऱ्यांदा चुकल्या. आता खोलीत हसू फुटलं, आणि सर्वांत मोठ्याने हसले ते वंग सरच. "बाई, तुमचं नाक म्हणजे कारकुनाचं नाक," ते म्हणाले. मग हसता हसता त्यांचा चेहरा बदलला. ते आपल्या बंद संगणकाकडे वळले. म्हणाले, "हे चालू कसं करायचं, तिथून सांगा. ते मला पहिल्या दिवसापासून माहीत नाही."

त्या दिवसापासून खरं शिकणं सुरू झालं. सरांनी वासाचा प्रश्नही आपल्या परीने सोडवला: प्रत्येक विद्यार्थ्याला टपालाने ढलप्यांचं पाकीट पाठवलं. सायप्रस, देवदार, आणि एक कापराच्या लाकडाचा तुकडा. ते पाकीट एकदा माझ्या टेबलावर आलं तेव्हा मला आमच्या घरच्या आरतीची आठवण झाली. कापूर जळून गेल्यावर ताटात काही उरत नाही, वास मात्र खोलीभर राहतो.

ताईंची एक धास्ती मात्र जात नव्हती. त्या सरांना म्हणाल्या, "तुमचं काही चुकलं तर विद्यार्थी तुम्हाला सांगणार नाहीत. समितीसमोर तर मुळीच नाही."

"मी त्यांना सांगेन की सांगा म्हणून."

"तुम्ही मला सांगितलं होतं का?"

सरांनी पाकिटातला कापराचा तुकडा उचलला. मग म्हणाले, "कपाटात कसर लागू नये म्हणून कापूर ठेवतात. मी मुलांना सांगतो: माझ्या तासाला काही बिघडलं तर तोंडाने बोलू नका, कापराचा तुकडा कॅमेऱ्यासमोर धरा. तो तासाचाच भाग आहे म्हणा. मग त्यात माझा अपमान नाही."

समिती आली त्या दिवशी संगणकाच्या डोक्यावर हिरव्या पुडीतला कुरकुरीत खाऊ ठेवलेला होता. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून इथे सगळीकडे ठेवतात. ताईंनी पुडीवरची तारीख दोनदा तपासली. तारीख उलटलेली पुडी ठेवणं वाईट. वंग सर म्हणाले, "यंत्राला खाऊ, आणि मला नुसती ताकीद." मग ते काचेच्या छोट्या खोलीत जाऊन बसले. आम्ही सगळे बाहेर सभागृहात. मोठ्या पडद्यावर विद्यार्थ्यांना दिसतं तेच आम्हाला दिसणार होतं. विद्यार्थ्यांचे माइक बंद ठेवायचे, असा नियम होता.

सरांनी लॉगिन केलं. तास उघडला. विद्यार्थ्यांचे चौकोन एकेक करून उजळले. ताईंनी श्वास सोडला. सरांनी पाकिटातून ढलपी काढली, नाकाशी धरली आणि शिकवायला सुरुवात केली.

आवाज नव्हता.

ओठ हलत होते, हात हलत होते, सभागृहात मात्र पंख्याची घरघर. आधी वाटलं आमचाच स्पीकर बंद आहे. मग ताईंनी पडद्याच्या कोपऱ्यातलं चिन्ह पाहिलं. सरांनी स्वतःचा माइक चालूच केला नव्हता.

आणि विद्यार्थी? ते हात जुळवून, सरळ बसून ऐकत होते. त्यातले काही तर माना हलवत होते. कळलं, कळलं. लिहून सांगण्याची सोय होती, पण लिहिलेलं समितीलाही दिसलं असतं. कापराचे तुकडे त्यांच्या पुढ्यातच असणार. कोणी हात लावेना. जो तो दुसऱ्याची वाट बघत होता.

ल्यू साहेब ताईंच्या कानाशी वाकले. "जा आत. एक बटण तर आहे."

ताई हलल्या नाहीत. त्यांनी खुर्चीची कड घट्ट धरून ठेवली. समितीतल्या एका बाईंनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. काचेपलीकडे सर मान खाली घालून ढलपीवरच्या रेषा दाखवत होते, पूर्ण रंगात येऊन.

"मोठं कोण आहे त्यांच्यात?" ताईंनी मला हळूच विचारलं.

मी सांगितलं, आ-गिम मावशी. फर्निचरच्या कारखान्यात होत्या, वयाने सगळ्यांहून मोठ्या. पण त्यांच्या चौकोनात नुसतं छत दिसत होतं. फोन टेबलावर उताणा पडला असावा. ताईंनी डोळे मिटले. त्या काय म्हणत होत्या मला माहीत नाही. मी मात्र मनात रामरक्षेची पहिली ओळ म्हटली, आणि पुढची आठवेना.

छत हललं. मग चौकोनभर आ-गिम मावशींचा कान आला. मग डोळा. त्यांनी फोन हलवला, झटकला, पुन्हा कानाला लावला. मागे वळून त्या कोणावर तरी ओरडल्या. करवत बंद करायला सांगत असाव्यात. पुन्हा कान. मग त्यांनी फोन लांब धरला, सरांच्या हलणाऱ्या ओठांकडे क्षणभर बघितलं, आणि चौकोनातून नाहीशा झाल्या.

त्या परत आल्या तेव्हा हातात ढलपी नव्हती. कारखान्यातला कापराच्या लाकडाचा केवढा तरी ओंडका दोन्ही हातांनी उचलून त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरला. चेहरा दिसेना, नुसतं लाकूड.

त्यासरशी शेजारच्या चौकोनात एक तुकडा वर झाला. मग खालच्या. मग पडदाभर कापूरच कापूर.

सरांनी मान वर केली. थांबले. त्यांचा हात पुढे आला आणि त्यांचा चौकोन काळा झाला. माइकऐवजी त्यांनी कॅमेरा बंद केला होता. ल्यू साहेबांनी कपाळाला हात लावला. ताई तशाच बसून होत्या. कॅमेरा परत लागला. सरांचं बोट पडद्यावरून एकेक चिन्ह चाचपत गेलं, वासाने लाकूड ओळखावं तसं, आणि थांबलं.

"येतोय का आता?"

आवाज सभागृहात घुमला. सगळे तुकडे एकदम खाली गेले. आ-गिम मावशींचा ओंडका सर्वांत शेवटी.

"इतका वेळ मी जे बोललो ते फार उत्तम होतं," वंग सर म्हणाले. "तुमचं नशीब नव्हतं. आता पुन्हा सुरू करतो. आणि माना कोण हलवत होतं, ते मी बघितलंय."

समितीच्या बाई हसल्या. तासानंतर त्यांनी विचारलं, ही कापराची युक्ती कोणाची? वंग सर म्हणाले, चान बाईंची. ताई म्हणाल्या, वंग सरांची. दोघंही मागे हटेनात, तेव्हा बाईंनी विचारणं सोडून दिलं.

अभ्यासक्रमाला मान्यता मिळाली. ताईंचा करार एक वर्षाने वाढला. एकच वर्ष, पण वाढला. ल्यू साहेबांनी पुन्हा चहा पाजला, त्या पासवर्डचा विषय दोघांनीही काढला नाही.

नव्या सत्रात दुसऱ्या विभागाचे प्राध्यापक शिकायला आले. ताईंनी प्रत्येकाच्या जागेवर कापराचा एकेक तुकडा ठेवला होता, अडलं की वर करायला. वंग सरांना आता शिकायचं काही नव्हतं, तरी ते येऊन पहिल्या खुर्चीत बसले. ताईंनी पहिली पायरी दाखवली. खोली गप्प, सगळे हात मांडीवर. तेवढ्यात वंग सरांनी आपला तुकडा वर केला.

"काय अडलं, सर?" ताईंनी विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. "तुम्ही पुन्हा सांगा."

त्यांच्या मागे आणखी दोन हात हळूहळू वर आले.