डाव्या हाताने लिहिलेला शब्द

आमच्या कारखान्यातल्या फोरमनकाकांना सगळे पाठीमागे 'कानस' म्हणायचे. बोलणंच तसं खरखरीत. मी लेथवर काम करणारी पहिली बाई. मला तर वाटायचं, हा माणूस मला पाण्यात पाहतो.

लेथच्या फिरत्या चकमध्ये जॉब, म्हणजे घडवायचा लोखंडी तुकडा, आवळायला एक जाडजूड किल्ली असते. काकांचा नियम एकच, किल्ली चकमध्ये असेपर्यंत तिच्यावरचा हात काढायचा नाही. दिवसातून दहादा बजावायचे. एका सकाळी शेजारच्या मशीनवाल्याशी गप्पा मारता मारता मी किल्ली चकमध्येच ठेवून हात काढला आणि मशीन सुरू केलं. किल्ली उडाली ती थेट काकांच्या उजव्या मनगटावर. हाड मोडलं.

माझी पाचावर धारण बसली. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर माझ्या एकटीच्या पगारावर.

दोन दिवसांनी कारकुनाने चौकशीच्या कागदाची प्रत हातात ठेवली. म्हणाला, "साहेब तुला काढायलाच निघाले होते. पण शेरा फोरमनने द्यायचा असतो." शेरा म्हणजे एकच इंग्रजी शब्द, 'अ‍ॅडमॉनिश्ड', तोही कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात. मेलं, जरा नीट लिहायला काय झालं होतं! आणि एवढा लांबलचक शब्द काय चांगलं सांगणार, कपाळ? कुणाला न विचारता मी एप्रन काढला आणि घर गाठलं.

माझी ताई शाळेत शिकवते, ती घरी आली होती. तिने कागद पाहून शब्दकोश उघडला आणि मलाच झापलं. "रडतेस काय वेड्यासारखी? समज दिली, एवढंच आहे हे. वडीलधारं माणूस चूक दाखवतं आणि पुन्हा करू नकोस म्हणून सांगतं ना, तसं. नोकरी आहे तुझी!"

तशीच उलटपावली पळत गेले. काका मोडलेला हात गळ्यातल्या पट्ट्यात अडकवून माझ्याच मशीनपाशी उभे होते.

"काका, तुमचे उपकार कसे..."

"उपकार राहू देत. न सांगता गेलीस कुठे? एप्रन घाल. आणि किल्लीवर हात ठेव."

किती बरं वाटलं ते खरखरीत बोलणं! आज काका निवृत्त आहेत. तो कागद मी अजून जपून ठेवलाय. त्या अक्षराला नावं ठेवली म्हणून माझी मलाच लाज वाटते. काकांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. मला काढायला एक छोटासा शब्द पुरला असता. माझ्यामुळे मोडलेला हात गळ्यात अडकवून काकांनी तो लांबलचक शब्द डाव्या हाताने गिरवला होता.