झाडानं सोडलेली फुलं

"हात लावून तं बघ!"

आष्टीतल्या आमच्या गल्लीची सकाळ या आरोळीने व्हायची. ओरडणाऱ्या बाई माझ्या शेजारी राहायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, एका हातात पाण्याचा तांब्या, दुसरा हात कमरेवर. आणि कुंपणाबाहेर कोणीतरी पिशवी अन् फुलं ओढायची आकडी घेऊन ओशाळं हसत उभं.

तुमच्याही गल्लीत असतीलच हे लोक. स्वतःच्या दारात तुळशीपलीकडे काही लावायचं नाही, आणि पहाटे फिरायला म्हणून निघून दुसऱ्याच्या कळ्यासुद्धा ओरबाडायच्या. वर ही चोरी नाहीच, कारण देवाला वाहिली! मला या लोकांची चीड येते. बाईंच्या तर तळपायाची आग मस्तकात जायची.

समोरच्या अण्णांना घरातल्या राजूरच्या गणपतीच्या तसबिरीसाठी लाल जास्वंद लागायची.

"बाई, देवासाठीच नेऊन राह्यलो ना."

"देव आला तं चहा पाजीन त्याला. पिशवी घेऊन आलेल्या भक्ताला बिलकुल न्हाई!"

बाग म्हणजे ओटा आणि जिना. त्यावर तेलाचे पत्र्याचे डबे, रंगाच्या बादल्या, गळका माठ, जुन्या कूलरची टाकी. उन्हाळ्यात बोगनवेल, दसऱ्याला झेंडू, थंडीत शेवंती. जास्वंद मात्र बारमाही. आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या गावात ही हौस लोकांच्या डोळ्यांत खुपायची. बाई तांदूळ आणि भाज्या धुतलेलं पाणी साठवून घालायच्या, ते रोज दिसायचं, तरी "पाण्याची नासाडी" म्हणणारे म्हणतच राहिले.

त्या स्वतः एकही फूल तोडत नसत. घरात बुद्धमूर्तीपुढे रोज फुलं असायची, तीही गळून पडलेली. मी एकदा विचारलं, "बाई, कोमेजलेली वाहता?"

"झाडानं सोडलं ते आपलं, भाऊ. झाडावरचं पाखराचं."

पाखरू म्हणजे शिंजीर. अंगठ्याएवढा, उन्हात निळा चमकणारा, जास्वंदीत चोच घालून मध पिणारा. एका वर्षी त्याच्या मादीने बाईंच्या पुढच्या दारावरच्या तारेला घरटं टांगलं. पिल्लं उडेपर्यंत बाईंनी ते दार उघडलं नाही. मुलाचे सासू-सासरे पुण्याहून आले, तर त्यांना मागच्या मोरीतून आत घेतलं. विहीणबाईंनी नाक मुरडलं.

"दार सध्या तिचं हाय," बाई म्हणाल्या. "बाळंतिणीला उठवू का मंग?"

यंदाच्या थंडीत, शेवंती ऐन भरात असताना, बाई गेल्या. सकाळी पाणी घालता घालता ओट्यावर टेकल्या, त्या उठल्याच नाहीत. त्यांच्या मुलाला आणायला मी परतूर स्टेशनावर गेलो. तेवढ्यात गल्लीत कुणाला तरी सुचलं, बाईंच्याच फुलांनी बाईंना निरोप देऊ. सगळ्यांना गहिवरून आलं. आणि सगळ्यांनी मिळून बाग ओरबाडली.

परत आलो तर ओट्यावर नुसते हिरवे डबे. आत बाई हनुवटीपर्यंत फुलांखाली. कळ्यासुद्धा सोडल्या नव्हत्या. अण्णा आकडी हातात धरून हुंदके देत होते. जन्मभर बाईंनी जे होऊ दिलं नाही, तेच त्या ओरडू शकत नाहीत तेव्हा यांनी केलं, आणि त्यांच्याच अंगावर आणून ठेवलं. मी तोंड उघडणार, तोच मुलगा म्हणाला, "किती जीव होता हो लोकांचा आईवर!"

जीव होता, खोटं कसं म्हणू? म्हणून तर जास्त संताप येतो. दुष्टपणाने तोडली असती तर भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंजीर आला. जास्वंदीच्या एकेका फांदीवर बसला, वाकून पाहिलं, निघून गेला. मी पाणी घालायला गेलो होतो. कूलरच्या टाकीमागे एक मिटलेली जास्वंद पडलेली दिसली, आपण होऊन गळलेली, कुणाच्या हाती न लागलेली. ती उचलून बाईंच्या फोटोपुढे ठेवली.

काही दिवसांनी झाडावर एक कळी आली, फुगली, पहाटे उमलली. कुंपणावर आकडी खरखरली. मी तांब्या घेऊन ओट्यावरच होतो.

"हात लावून तं बघा, अण्णा!"

अण्णांनी दचकून आधी बाईंच्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आकडी खाली गेली. मी कमरेवर हात ठेवून तिथेच उभा राहिलो. शिंजीर अजून यायचा होता.