गिरणीवाले कॉम्रेड

गावातल्या सर्वांत पैसेवाल्या माणसाला आम्ही सगळे ‘कॉम्रेड’ म्हणायचो. तरुणपणी ते नक्षलवाद्यांच्या दलमबरोबर जंगलात बंदूक घेऊन फिरले होते. शरण आल्यावर पोलिसांनी गडचिरोली शहरातच राहा म्हणून सांगितलं, पण हा माणूस गावी परतला आणि त्याने धान भरडायची गिरणी टाकली. मी तिथल्या आश्रमशाळेत शिक्षक. गिरणीतल्या बाकावर बसून त्यांच्याशी वाद घालणं हा माझा रविवारचा उद्योग.

वाद एकच. एवढ्या गरिबीत एकट्याने श्रीमंत व्हावं का? अंगावरचा कोंडा झटकत ते म्हणत, “गुरुजी, ज्याच्याजवळ स्वतःचं काई नाई, तो कोणालेच नाई म्हणू शकत नाई.” मापात त्यांनी कधी कोणाला फसवलं नाही. मजुरी वाढवायची गोष्ट काढली, की मात्र त्यांना कमी ऐकू यायचं.

एका भर दुपारी तिघं जण गिरणीत शिरले. दोघांच्या खांद्याला बंदुका. तिसरा वयस्कर, कॉम्रेडचा जुना सोबती. रांगेतल्या बाया भिंतीला चिकटल्या. मी उठू लागलो, तर त्या वयस्कराने नुसत्या हाताच्या खुणेने मला बसवलं.

“गिरणी आजपासून गावाची. तू निघ.”

कॉम्रेडनी मोटार बंद केली. 

“गावाले विचारलं का?”

“गावासाठीच लढून राह्यलो आमी.”

“गाव इथीच उभं आहे. विचार.”

 मग कमरेवर टोपली घेतलेली एक म्हातारी पुढे झाली. “त्याचीच राहू द्या, भाऊ. गावाची झाली, तं बिघडल्यावर दुरुस्त कोण करन?” मग तिने कॉम्रेडकडे मान वळवली. “पण मजुरायले तू लय कमी देते. ते वाढव.”

वयस्कर माणसाने सोबतच्या दोघांना मानेने खूण केली. “पुन्हा येऊ,” एवढंच म्हणून तिघं गेले. कॉम्रेड बाकावर बसले; मोटार मला चालू करावी लागली. त्या आठवड्यापासून मजुरी वाढली.

ते लोक पुन्हा आले नाहीत. आली ती खाण, गावामागच्या डोंगरावर. ठेकेदाराने कॉम्रेडना ट्रकांचं काम देऊ केलं. बदल्यात ग्रामसभेत फक्त खाणीला होकाराचा हात वर करायचा. ते करतील असंच सगळ्यांना वाटलं. मलाही.

ग्रामसभेत ठेकेदाराची माणसं दारातच उभी होती. कॉम्रेड उठले. “गिरणी माही आहे. वाटलं तं उद्या विकीन. डोंगर माहा एकट्याचा नाई.”

होकारासाठी हात मागितले, तेव्हा पहिला हात त्यांच्याच मुलाचा वर गेला. बापाकडे न बघता. त्याच्यामागे थोडेच हात उठले आणि ठराव पडला. मुलाने दुसऱ्या खाणीवर ट्रक लावला. घरात दोन चुली झाल्या.

माझी बदली झाली, तेव्हा फाट्यापर्यंत सोडायला कॉम्रेड मोटारसायकल घेऊन आले. सिरोंच्याहून येणाऱ्या बसची वाट बघत आम्ही उभे होतो. मुलाचा राग गेला का, असं मी विचारलं.

“राग आहे,” ते म्हणाले. “पण सगळ्यायसमोर त्याले बापाच्या इरुद्ध हात वर करता आला, गुरुजी. दलमात एका माणसाले जिवानं माराचा फैसला झाला, तवा मले नाई आला.”

बस आली. तो माणूस कोण, हे विचारणं माझ्याच्याने झालं नाही.