कोपरापर्यंतची नायिका

बाणवाल्यांना अक्षरांचा मनस्वी राग होता. स्वयंपाकघरातल्या वस्तू बनवणाऱ्या कारखान्यात ते चित्रं काढत. किसणी असो, सोलाणं असो की हाताने फिरवायची रवी, प्रत्येक खोक्यात एक घडी घातलेलं पत्रक जाई आणि त्यावर एकही शब्द नसे. माल देशोदेशी जायचा, किती भाषांत लिहिणार? म्हणून नुसती चित्रं आणि बाण. जोर लावायचा तिथे जाड बाण, अलगद फिरवायचं तिथे बारीक, आणि बोट कापायची भीती असेल तिथे बाण नाहीच, एक ठसठशीत फुली. या बाणांवरूनच त्यांना हे नाव पडलं होतं. "शब्द लागला की चित्र पडलं," असं ते म्हणत, एखाद्या मुरलेल्या नटाने विंगेतल्या प्रॉम्प्टरकडे तुच्छतेने बघावं तसे.

त्यांच्या चित्रांत माणूस नसे. असत ते फक्त हात, बाहीपासून पुढे. आता हात काढायचा तर स्वतःचा कसा काढणार? एक हात पेन्सिलीत अडकलेला आणि उरलेला एकटा काय करणार, टाळी वाजवणार? म्हणून लग्न झाल्यापासून ते बायकोला समोर बसवत. खिडकीशी टेबल, टेबलावर कारखान्याची नवी वस्तू, तिच्यामागे बायको.

"धर. दाब. हां, थांब!"

"अहो, दूध उतू जातंय."

"जाऊ दे. अंगठा हलवू नकोस."

दूध उतू जायचं, अंगठा हलायचा नाही. अशी ही भूमिका तिने वर्षानुवर्षं वठवली. परक्या मुलखातल्या बायका तिच्या हाताकडे बघून गाजर सोलायला शिकल्या. जाहिरातीत नाव नाही, चेहरा नाही, पण घरोघरी प्रवेश. मोठमोठ्या नट्यांच्या नशिबी नसतं ते भाग्य तिला कोपरापर्यंत मिळालं होतं.

मग कारखान्याने डबा उघडायचा ओपनर काढला. दोन दांड्या एका मुठीत धरायच्या आणि बाजूची चावी दुसऱ्या हाताने फिरवायची, एवढाच खेळ. बाणवाल्यांनी बायकोसमोर डबा ठेवला. तिने सटासट उघडून दाखवला, त्यांनी हुबेहूब काढला. पत्रक छापलं, माल गेला आणि तक्रारी आल्या. डबा उघडत नाही. मनगट लचकलं. एकाने तर विचारलं होतं की हे यंत्र चालवायला तिसरं कोपर कुठे मिळेल.

नव्या साहेबांनी बाणवाल्यांना बोलावलं. साहेब वयाने लहान, पण माणूस सभ्य. ओरडायचं असलं की आधी दार लावायचे. त्यांनी दार लावलं नव्हतं. खोलीत छपाईवाला उभा होता, पत्रक समोर धरून, डब्यावर हातांची अढी घालून, पैलवानाने स्वतःलाच पेचात पकडावं तसा.

"बाणवाले, आता मला सोडवा तरी!" तो म्हणाला. "तुमच्या चित्राबरहुकूम केलंय सगळं."

साहेबांनी पत्रक हातात घेतलं. "उजव्या मुठीत दांड्या. डावा हात त्यावरून पलीकडे, चावीवर. असं कोण करतं हो?"

"सगळेच करतात," बाणवाले म्हणाले.

"डावखुरे करत असतील."

"म्हणजे?"

साहेबांनी कपाट उघडलं. आतली जुनी पत्रकं टेबलावर पसरली. किसणी डाव्या हातात. सोलाणं डाव्या हातात. रवी, चाळणी, झारा, सगळं डावीकडे. छपाईवाल्याने हातांची अढी सोडली आणि हळूच म्हणाला, "बाणवाले, वहिनी डावखुऱ्या आहेत होय?"

बाणवाल्यांनी एक पत्रक उचलून डोळ्यांशी धरलं. ज्या हाताच्या नखाची चंद्रकोरही त्यांना पाठ होती, तो हात डावा आहे हे त्यांना आत्ता, परक्या माणसाकडून कळत होतं. घरात बाई जशी करते तसंच जग करतं, असं ते धरून चालले होते.

साहेब मवाळ झाले. "हे बघा, विभागप्रमुखाची जागा रिकामी आहे आणि ती तुमचीच आहे. वर मला उत्तर द्यायचंय. लक्षात आलं नाही म्हणा, विषय मिटला. चूक कुणाचीही होते. पण माहीत असून काढत होतात असं निघालं, तर मात्र माझे हात बांधलेले. उद्या वहिनींना घेऊन या. या पद्धतीने डबा उघडतो हे मला डोळ्यांनी बघू द्या."

संध्याकाळी बाणवाले घरी आले, बूट न काढताच खुर्चीत बसले आणि म्हणाले, "अगं, तू डावखुरी आहेस."

हे त्यांनी बातमी म्हणून सांगितलं होतं. तिला ते कबुलीसारखं ऐकू आलं. तिने हातातलं काम खाली ठेवलं.

"पकडलं वाटतं तुम्हाला शेवटी," ती म्हणाली. "मला वाटलंच होतं, कधीतरी पकडतील."

"मला?"

"नाही तर कुणाला? माहेरी या हातावर पट्टी बसायची. शाळेत फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. इथे सासूबाई पाहुण्यांसमोर डोळ्यांनी खुणावायच्या, हात बदल म्हणून. एक तुम्ही तेवढे कधी बोलला नाहीत. उलट छापून आणलंत! वाटायचं, तोंडाने बोलत नाही हा माणूस, पण बघा कसा जगाच्या नाकावर टिच्चून माझा हात मिरवतोय."

खरं काय ते सांगायचं बाणवाल्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. शब्द लागला की चित्र पडतं, हे त्यांचंच म्हणणं. शिवाय नवऱ्याच्या गप्प बसण्याचा बायकोने चांगला अर्थ लावल्याचं उदाहरण त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं. ते मोडवेना.

"उद्या साहेबांनी बोलावलंय तुला," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती ठेवणीतली साडी नेसून आली. साहेबांच्या टेबलावर डबा, ओपनर, बाजूला छपाईवाला. तिने बांगड्या मागे सारल्या, उजव्या मुठीत दांड्या धरल्या, डावा हात त्यावरून टाकला आणि असा काही सर्रकन फिरवला, की झाकण टेबलावर टणकन पडलं.

"वा!" छपाईवाल्याला राहवलं नाही. "वन्स मोअर!"

साहेबही हसले. मग त्यांनी चेहरा नीट केला. "वहिनी, तुमचं कौतुकच आहे. बाणवाले, आता एकच विचारतो. वहिनी डावखुऱ्या आहेत हे तुम्हाला चित्र काढताना माहीत होतं का?" आणि नकाराची तालीम द्यावी तशी त्यांनी स्वतःच बारीकशी मान हलवली.

बाणवाल्यांनी साहेबांच्या हलत्या मानेकडे पाहिलं. मग बायकोकडे. ती ताठ उभी होती, कौतुकाने, पदक मिळणाऱ्या माणसाच्या घरची मंडळी उभी असतात तशी.

मध्ये एवढा वेळ गेला, की ते रंगमंचावर असते तर विंगेतून कुणीतरी वाक्य पुरवलं असतं.

"माहीत होतं," बाणवाले म्हणाले.

"पुन्हा विचार करा."

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मुद्दाम डावे हात काढले."

छपाईवाल्याने कपाळावर हात मारला. साहेबांनी उठून दार लावलं. पुढे जे बोलणं झालं ते सांगण्यात अर्थ नाही. जागा दुसऱ्याला गेली आणि यापुढे बाणवाल्यांनी फक्त स्क्रू, नट आणि वॉशर काढावेत असं ठरलं. हात नकोत.

बाहेर पडून दोघं घराकडे निघाली. कोपऱ्यावर वळताना ती म्हणाली, "नव्हतं ना माहीत?"

"कशावरून?"

"माहीत असलेला माणूस इतका वेळ लावत नाही."

"...नव्हतं."

"इतकी वर्षं माझ्या हाताकडे बघत होतात तुम्ही!"

"बघत कुठे होतो? काढत होतो."

तिला राग आला. तो चांगला दोन दिव्यांच्या खांबांमधलं अंतर टिकला. मग ती हसायला लागली आणि हसताहसता फुटपाथवर थांबलीच. "म्हणजे माहीत नव्हतं तेव्हा फुकट मान घेतलात, आणि माहीत नसताना माहीत होतं असं सांगून बढती घालवलीत. धन्य आहे तुमची!"

"रागावलीस?"

"बघू. डबा कुठाय? उघडलाय तर तो घेऊन तरी यायचा."

घरी आल्यावर बाणवाले पाणी प्यायला उठले. तांब्या माठाच्या डावीकडे. कपाटाची मूठ अशा बाजूला, की उघडताना त्यांचंच कोपर त्यांना आडवं आलं. कात्री त्यांच्या हातात कधीच नीट चालली नव्हती. आत्ता त्यांना कळलं की ती कात्री डावखुऱ्यांची होती. आयुष्यभर ते या घरात ठेचकाळत, सांडत, लवंडत आले होते आणि ती म्हणायची, "तुमच्या हातून एक काम धड होईल तर शपथ." त्यांनाही ते खरं वाटत आलं होतं.

"अगं," ते माठापाशी उभे राहून म्हणाले, "मी धांदरट नाहीये!"

"अजून कुणाला सांगू नका," ती आतून म्हणाली. "विश्वास नाही बसायचा."