दसऱ्याच्या पाटावरची बंदूक

१९९५ साल. मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो आणि माझ्या घरात एका मेलेल्या माणसाच्या नावावरची बंदूक होती.

मेलेला माणूस म्हणजे आमचे आबा, माझे वडील. शिंदखेड्याकडे गावी रानडुकरं हाकायला त्यांनी लायसन्सवर एकनळी घेतली होती. तेरावं झालं, भावाने जमीन धरली, बैल धरले. मी म्हणालो, "मला बंदूक पाहिजे." गोधडीत गुंडाळली, एसटीच्या बाकाखाली सारली आणि सुरतेला, भेस्तानच्या खोलीत आणली. (कंडक्टरने विचारलं, "बाबा, गोधडीत काय?" मी म्हणालो, "वडील आहेत." त्याने वडिलांचं तिकीट मागितलं नाही!)

बायको नर्मदा पहिल्या दिवसापासून मागे लागली. "पोलिसात जमा करा म्हणून पोलीसपाटील सांगत होता ना?"

"बापाची जमीन पोराला येते, मग बंदूक काय जावयाला जाते?"

"भरेल शे का ती? पाहा ना आधी!"

"आबा भरलेली ठेवतील? काही अक्कल!"

आता खरं सांगायचं तर ती उघडतात कशी, हेच मला ठाऊक नव्हतं. पण मी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कापड विणायचो त्या खात्यात सगळे मला शिकाऱ्याचा पोरगा म्हणायचे. विचारणार कोणाला?

दसरा आला. गावी आबा नांगराशेजारी बंदूक पुजायचे. मी इथे नांगर कुठून आणू? नुसती बंदूकच पाटावर मांडली. झेंडूची माळ, हळदकुंकू, सगळं. पण कोणी बघितलीच नाही तर पूजेचा उपयोग काय? गल्ली बोलावली. तेवढ्यावर थांबलो तर मी कसला! शेजारच्या मगनभाई जमादारालाही आवतण दिलं. पोलिसाला! नर्मदेने कपाळ बडवून घेतलं.

मगनभाई हसत आले. "वाह काका! लायसन्स किसके नाम पे?"

"आबांच्या."

"आबा किधर हैं?"

मी वर बोट केलं. ते बिचारे माळ्याकडे बघायला लागले!

"माळ्यावर नाही हो. देवाघरी."

मगनभाईंचं हसू गेलं. "काका, मालिक मर गया तो बंदूक तुरंत थाने में जमा करनी पडती है. फिर अपने नाम की अर्जी. मंजूर होने तक घर में रखना गुनाह. और आप तो महाराष्ट्र से गुजरात ले आए! जेल है, जेल!"

"बापाच्या वस्तूला हात लावला म्हणून जेल?" मी छाती काढली आणि सगळ्यांना दिसावं म्हणून चापात अडकलेलं झेंडूचं फूल तोऱ्यात सारखं करू लागलो.

"आजोबा," माझी नात पिंकी म्हणाली, "आत काळंकाळं आहे."

पाच वर्षांची पोर. पाटापुढे पालथी पडून नळीला डोळा लावला होता.

मगनभाईंनी एका हाताने तिला ओढलं, दुसऱ्याने माझा हात झटकला. बंदूक उचलून बिजागरीवर मधून उघडली. आबांनी कधीतरी घातलेलं काडतूस टणकन पूजेच्या ताटात पडलं. हळदीत.

लोक सोनं न देताच उठले. नर्मदेने पिंकीला पोटाशी धरलं ते सोडेच ना.

मगनभाईंनी बंदूक आमच्याच कपाटात कोंडली, किल्ली आणि काडतूस खिशात घातलं. "आज मेहमान हूँ काका. सुबह आप खुद जमा करोगे, मैं साथ चलूँगा. नहीं तो वर्दी में आऊँगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदूक गोधडीत घेऊन निघालो. नळी जमिनीकडे. समोरून कोणाचं पोर आलं की मी रस्त्याच्या पलीकडे.

"काका, खाली है," मगनभाई म्हणाले.

"असू द्या."

चौकीत मोठ्या साहेबांनी बंदूक बघितली, मग माझ्या मिशा बघितल्या. "शिकारी हो? चलाना आता है?"

मी मान खाली घातली. "लूम येतो, साहेब."