खंडेनवमीची पूजा कोणी केली

ही गोष्ट मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही, ज्यांच्यासोबत पोहे-जलेबी खात अर्धं आयुष्य काढलं त्या दोस्तांनाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल.

आधी कामाचं सांगतो. आता ज्याला आयटी मॅनेजर म्हणतात, त्याला तेव्हा ईडीपी मॅनेजर म्हणायचे. छत्तीसगढ वेगळं व्हायचं होतं, आमच्या कंपनीची औषधं रतलामपासून रायपूरपर्यंत एकाच राज्यात जायची. मालकांना सगळे भाईसाहब म्हणत. अख्ख्या फॅक्टरीत एसी दोनच — एक भाईसाहबांच्या केबिनमध्ये, दुसरा माझ्या कम्प्युटरच्या खोलीत. माझी ऐट काय विचारता! खोलीबाहेर मी सगळ्यांना चपला काढायला लावायचो, भाईसाहबांच्या जावयालासुद्धा. भर मे महिन्यात स्वेटर घालून बसायचो, आणि शेजारचे अकाउंटवाले पंख्याखाली घामाघूम.

लोकांना वाटतं, हे काम मशीनचं आहे. डोंबलाचं मशीनचं! मशीन चालू असलं तर तुम्ही आहात की मेलात, कुणी विचारत नाही. बंद पडलं की सगळे एकच विचारतात — किसकी गलती है? या प्रश्नाचं उत्तर पटकन देता आलं पाहिजे, त्याचाच पगार मिळतो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. एका दुपारी आपोआप जमलं.

माझ्या हाताखाली रामेश्वरजी होते. जवळच्याच सिमरोल गावचे, शेतकरी घरातले, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. टायपिस्ट म्हणून लागले होते, मीच त्यांना कम्प्युटर शिकवला. कुठल्या बॅचचं औषध कुठल्या गावच्या कुठल्या व्यापाऱ्याकडे गेलं — हे सगळं जुन्या रजिस्टरांतून त्यांनी एकट्यानं टाइप केलं. सात-आठ महिने. रोज बसनं यायचे, खोलीच्या दाराशी अगरबत्ती लावायचे, हात जोडायचे आणि मग बसायचे. गावात त्यांना सगळे कम्प्युटरवाले भिया, म्हणजे भैया, म्हणायचे, हे ते मला लाजत सांगायचे. अगरबत्तीवरून मी त्यांना रागवायचो. धूर मशीनला वाईट, राख वाईट — चार लोकांसमोर बोललो होतो एकदा. तेवढं लक्षात ठेवा.

आता माझं. आमचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते. घरात राहिलंय काय? एक तलवार, तीही गंजलेली. पण खंडेनवमीला ती पाटावर ठेवून तिची पूजा होते म्हणजे होते. त्या वर्षी मला काय सुचलं — म्हटलं, माझं शस्त्र तर ऑफिसात आहे! भाईसाहब पूजेच्या वेळी फॅक्टरीत फेरी मारायचे, सगळी मशिनं फुलांनी सजलेली बघायचे. मला त्यांच्यासमोर भाव खायचा होता. दुसरं काही नाही.

त्या काळी कम्प्युटरमधल्या माहितीची नक्कल फ्लॉपीवर ठेवायचे. काळी, पातळ, चौकोनी वस्तू — तिच्या एका फटीतून आतली चकती उघडी दिसते, आणि त्या उघड्या जागेला बोट लागलं तरी गेली कामातून. नकलेचे दोन संच होते. एक ऑफिसात, दुसरा माझ्या घरी, आग-बिग लागली तर असावा म्हणून. नियम माझाच. आणि मीच त्या सकाळी घरचा संचही पिशवीत घालून आणला. पूजेला सगळी शस्त्रं पाहिजेत ना!

पाट मांडला. फ्लॉप्या ओळीनं लावल्या. कागदी पाकिटांतून बाहेर काढून — कारण पाकिटासकट पूजा करणं मला बरोबर वाटेना, देवाला झाकणासकट नैवेद्य दाखवल्यासारखं. रामेश्वरजी दाराशी उभे होते. हळूच म्हणाले, "सर, कवर तो रहने देते."

मी ऐकलं. ऐकलं नाही, असं नव्हे. पण ज्याला मी शिकवलं, तो मला शिकवणार? मी म्हटलं, "तुम अगरबत्ती संभालो." फुलानं पाणी शिंपडलं. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. भाईसाहब आले तोवर मी बाजूला उभा होतो आणि पाटाशी रामेश्वरजी अगरबत्ती लावत बसलेले. भाईसाहब खूश झाले. संध्याकाळी मी फ्लॉप्या रुमालानं पुसून पाकिटांत घातल्या. झालं.

दसऱ्याची सुट्टी झाली. ऑफिस उघडलं, आणि दोन दिवसांत लाइट वर-खाली होऊन मुख्य मशीनची डिस्क गेली. मी घाबरलो नाही. दोन संच होते ना? पहिला संच लावला — खरखर आवाज. दुसरा लावला — तीच खरखर. इंजिनिअर आला, त्यानं मशीन उघडलं, आत कापूस फिरवून बाहेर काढला. तो लाल झाला होता.

दुपारी भाईसाहबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कापूस टेबलावर ठेवलेला. ते ओरडले नाहीत. इतकंच म्हणाले, "पूजा तो रामेश्वर ने की थी ना? वही बैठा था।"

बघा, त्यांनी स्वतःच नाव घेतलं. मी घेतलं नाही. किती वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो — नाव मी घेतलं नाही! मी फक्त म्हणालो, "मैंने मना किया था।"

मना केलं होतं, हे खरं. अगरबत्तीला. चार लोकांनी ऐकलंही होतं. इतकं चोख खोटं मी आयुष्यात पुन्हा कधी बोललो नाही. जीभ जराही अडखळली नाही हो!

रामेश्वरजींना आत बोलावलं. मी तिथेच होतो. भाईसाहबांनी त्यांना विचारलं काहीच नाही, सांगितलं — उद्यापासून डिस्पॅच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, मी काही बोलतोय का, एवढं बघितलं. मी टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. ते "जी" म्हणाले आणि गेले. दाराबाहेर चपला घालताना त्यांना वेळ लागला, ते मला काचेतून दिसत होतं.

डिस्पॅच म्हणजे काय, तर खोकी बांधायची, ट्रकवर चढवायची, चिठ्ठ्या चिकटवायच्या. ऊन तिथे, पाऊस तिथे. रिटायर होईपर्यंत ते तिथेच होते. मी रोज स्कूटर लावायचो ते डिस्पॅचच्या समोरच. रोज ते म्हणायचे, "नमस्ते सर." रोज मी म्हणायचो, "कैसे हो रामेश्वरजी." मला प्रमोशन मिळालं, पुढे दुसरंही. त्यांना परत आत घ्या, असं म्हणायला मला एक वाक्य लागलं असतं. भाईसाहबांनी मानलंही असतं, माझं ते ऐकायचे. मी भीत होतो का? सुरुवातीला, हो. नंतर भीतीही उरली नव्हती. सवय झाली होती. ते खोकी बांधतात आणि मी आत बसतो — जसं काही पहिल्यापासूनच असं होतं.

त्यांच्या निरोपसमारंभात भाषण मीच केलं. हार घातला, नारळ दिला. मेहनती, इमानदार, वेळेचे पक्के — सगळं बोललो. ते कधी कम्प्युटरवर बसले होते, एवढंच बोललो नाही.

कार्यक्रम संपल्यावर ते स्कूटरपाशी आले. हातात हार गुंडाळलेला. म्हणाले, "सर, एक बात बोलूँ? घर पे भी मैंने यही बताया था कि मेरी गलती थी। बाबूजी पूछते थे, गाँव वाले पूछते थे। अब मैनेजर झूठ बोलेगा, ये मैं उनको कैसे समझाता? बाबूजी तो वही मान के गए।"

तक्रारीचा सूर नव्हता. हिशेब मागत नव्हते. त्यांनी सांगितलं आणि थांबले. माझ्यासाठी थांबले होते, हे मला तेव्हाही कळलं. आसपास कुणी नव्हतं. भाईसाहबांच्या जागी आता मुलगा बसत होता, त्याला या प्रकरणाशी काही देणंघेणं नव्हतं. माझं काही जाणार नव्हतं. रुपयाचंही नुकसान नव्हतं.

मी किक मारली आणि म्हणालो, "चलो रामेश्वरजी, बस छूट जाएगी आपकी।"

ते "जी" म्हणाले आणि गेटकडे गेले. मी आता राऊला राहतो. सिमरोल इथून लांब नाही, ते तिथे आहेत, असं ऐकतो. मी गेलेलो नाही.