अण्णांची हाक

"सुमे, अण्णा गेले. येताना दुकानातली रंगाची पेटी घेऊन ये." अण्णांच्या बायकोचा, अक्कांचा फोन एवढाच. मयताच्या घरी रंगाची पेटी कशाला, हे विचारायचं भानच नव्हतं मला. शाहूपुरीतलं अण्णांचं दुकान माझ्याकडच्या किल्लीनं उघडलं, पेटी काखोटीला मारली आणि रडत रडत त्यांचं गाव, उचगाव गाठलं... त्याला आता महिना उलटला.

भूपालअण्णा मगदूम म्हणजे आम्हा हौशी नाटकवाल्यांचे रंगभूषाकार. तोंडानं भलते फटकळ! "गाल फुगवू नगंस, फुटबॉल न्हाय रंगवायचा मला," हे त्यांनी मला पहिल्याच प्रयोगाला सुनावलेलं. पण त्यांचा हात लागला की खुर्चीतला माणूस गप्प बसायचा. रंग लावता लावता जुनं सांगायचे. त्यांच्या गुरूंच्या काळी सफेदा आणि पिवडी, म्हणजे पांढरी-पिवळी पूड, खोबरेलात कालवून पुरुषांच्या दाढ्या झाकायच्या आणि नाटकातल्या बायका उभ्या करायच्या. गॅसबत्तीच्या उजेडात शेवटच्या रांगेला तोंड दिसावं म्हणून थर जाड असायचा. विजेचे दिवे आले आणि थर पातळ झाला. लग्नाच्या नवऱ्या दुकानात येऊन "गोरी करा" म्हणाल्या की अण्णा उखडायचे. "रंग माणूस दिसाय लावत्यात, लपवाय न्हाय!"

आमच्या नाटकात मी तिसऱ्या अंकात मरायचे. अण्णा डोळ्यांखाली राखाडी बोट फिरवायचे, ओठ पांढरे करायचे. आरशात बघवायचं नाही मला. पण पडदा पडल्यावर तो रंग मला पुसू द्यायचे नाहीत. स्वतः खोबरेल लावून पुसायचे आणि मग पाठीमागं उभं राहून ठणठणीत आवाजात हाक मारायचे, "सुमन चौगुले!" मी म्हणायचं, "हाय की!" ते म्हटल्याशिवाय खुर्चीतून उठायची सोय नव्हती. मेलेल्याचा रंग लावलेल्या प्रत्येकाला हा नियम. पूर्वी कुणी एक नट तसाच रंगानिशी घरी गेला, आईनं दार उघडलं ते किंचाळतच, आणि पुढं ती माउली त्याला आपला मानेचना, असं अण्णा सांगायचे. आम्ही मागं हसायचो. हाक मात्र एकानंही चुकवली नाही.

उचगावात अण्णा ओट्यावर निजवलेले. काविळीनं चेहरा पिवळा पडून पार काळवंडलेला. "पोरी बेळगावहून याय लागल्यात. हे असं तोंड नगं दिसाय त्यास्नी," अक्का म्हणाल्या. मी रंग कालवला. दर प्रयोगाला ज्यांनी मला मेलेली रंगवलं, त्यांना मी जिवंत करत होते. पोरी आल्या, बापाच्या गालाला गाल लावून रडल्या. उचलायची वेळ झाली तशा अक्का पुढं आल्या. "आता पूस. रंगात न्हाय जायाचं त्यांनी. आणि हाक मार."

मी पुसलं. डोक्याशी उभी राहिले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडले, "भूपाल मगदूम!" अक्का कान देऊन उभ्या होत्या. मीपण होते, खोटं कशाला सांगू? मग लोकांनी खांदा दिला.

परवा पुन्हा प्रयोग झाला. मी मेले, रंग माझा मीच पुसला आणि बसून राहिले. सगळे कपडे बदलून निघून गेले, पाठीमागून हाक काही आली नाही, मला काही उठवेना. शेजारची अण्णांची खुर्ची मी कुणाला हलवू दिलेली नाही. ओ दिल्याशिवाय उठायचं नाही, हा नियम त्यांचाच. आणि माझ्या हाकेला त्यांनी अजून ओ दिलेली नाही.